चाळिसाव्याला कार्यशाळा आवरू नये

मी, कुबात जोलदोशेव, वाणिज्य पदवीधर, विद्यापीठाच्या लेखा विभागात नोकरीस, राहणार बिश्केक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. दबाव कोणाचा नाही. भीती मात्र आहे. गुरुवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर निश्चिंत आहेत, मी नाही.

१. राहते घर, गालिचे व चहाचा समोवार थोरली बहीण कालिपा एजे (म्हणजे ताई) हिला. बँकेतील शिल्लक दफनविधी व जेवणावळीस. उरेल ती कार्यशाळेस.

२. कार्यशाळा माझी दिवंगत पत्नी, प्राध्यापक सायराकान, हिची. पायांनी जमीन चाचपत चालणारी यंत्रे हे तिचे संशोधन. त्यातूनच तिने अंध मुलांना रोबोट जोडायला शिकवले. मोटारींच्या खणाच्या मुठीला लोकरीचा नमदा, बॅटऱ्यांच्या मुठीला चामडे, तारांच्या मुठीला घोड्याच्या केसांची दोरी. मुले मूठ चाचपून खण उघडतात. ही मांडणी हाच तिचा अभ्यासक्रम.

३. तिच्या चाळिसाव्याला, म्हणजे मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, आलेल्या नातलगांनी रिवाजाप्रमाणे तिच्या वस्तू आठवण म्हणून वाटल्या. त्यात मुलांच्या रोबोटची चाकेही गेली. एजेने मळका नमदा कापून मुठी धुतल्या. मी विचारले तेव्हा म्हणाली, "एवढी चाकं पडलीत, दोन नेली तर काय बिघडलं? तुझी बायको काय त्यांवर बसून परत येणार आहे?"

दुसऱ्या दिवशी बुरमा आली. ती सायराकानची अंध विद्यार्थिनी; मला बायके, म्हणजे दादा, म्हणते. आता तीच तिथे शिकवते. सगळ्या मुठी चाचपून ती म्हणाली, "बायके, सायराकान एजे गेल्या हे मला आज कळलं."

मांडणी पुन्हा लावायला तिला पूर्ण हिवाळा लागला.

४. सबब, माझ्या चाळिसाव्याला माझे कोट, टोप्या, बूट खुशाल वाटावेत. कार्यशाळा, तिच्यातील सर्व साहित्यासह, बुरमाची. तेथील धूळही तिला विचारल्याशिवाय पुसू नये. कालिपा एजेने हे कलम दोनदा वाचावे. माझा राग नाही; तिच्या स्वच्छतेची धास्ती आहे.

५. एवढे लिहूनही मन स्वस्थ नाही. मृत्युपत्र उघडते दफनानंतर. आवराआवर त्याआधीच सुरू होते. म्हणून कार्यशाळेची एकुलती एक किल्ली आजच तिथल्या दाराशी बुरमाच्या हाती दिली.

"अजून जिवंत आहात की, बायके. घाई कसली?"

"आवरणाऱ्यांना माझ्याहून जास्त घाई असते."

ती हसली, आत गेली आणि तिने दार आतून लावून घेतले. मी बाहेर राहिलो. यापुढे मीही दार वाजवूनच आत जाईन. हे मला मान्य आहे.

वरील मजकूर माझ्या इच्छेप्रमाणे असल्याबद्दल, दोन्ही साक्षीदारांसमक्ष,

(सही) कुबात जोलदोशेव

साक्षीदार:
(सही) दामीर अशिरोव, शेजारी
(सही) नुरजामाल तुर्गुनोवा, सहकारी

बिश्केक, ११ मार्च २०२४