चतुराबाईंकडची किल्ली

अंबरपेठ, हैदराबाद
११ नोव्हेंबर २००१

प्रिय दीपे,

आई नाही, तर बाळंतपणाला कुठे जायचं, असं तू फोनवर हळूच विचारलंस आणि मी नुसतं 'बघू' म्हणाले. रागावली असशील. पण काय करू? आमच्या कंपनीचा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं काम ज्याच्यावर चालतं ते मशीन, माझ्या एकटीच्या गळ्यात आहे. ते रुसलं की वेळीअवेळी ऑफिसला धावावं लागतं. तुला इथे आणून घरात एकटी सोडून मी बस पकडू?

म्हणून साहेबांच्या मागे लागले, की मला घरच्या कॉम्प्युटरवरून, फोनच्या लाइनवरून सर्व्हरवर लॉगिन करू द्या, म्हणजे घरबसल्या आत शिरू द्या. ते कबूल झाले, पण अट घातली: फायरवॉल कडक हवी, आणि सर्व्हर हातातून सुटला तर परवानगी रद्द. फायरवॉल म्हणजे मशीनच्या दारातला वॉचमन. कुणाला आत सोडायचं ते आपण लिहून द्यायचं, तो तसंच वागतो.

काल ऑफिसात सगळं बसवलं. आज सकाळी घरून लॉगिन केलं आणि लागलं! तुझे दाजी तर पेढे आणायला निघाले. पण तेवढ्यावर थांबेन तर मी कसली? एक फट उघडी दिसली, म्हटलं तीही बुजवू. आधी 'कुणालाच सोडू नकोस' असं लिहिलं, आणि 'मला सोड' हे लिहायच्या आत वॉचमनने मलाच बाहेर काढलं. ऑफिसला कुलूप, साहेब गावाबाहेर. सर्व्हरआधी तुझाच चेहरा डोळ्यांसमोर आला, दीपे.

आठवतं, परभणीला तू दार ओढून घेतलंस आणि आपण दोघी ओट्यावर रडत बसलो? आईने शेजारच्या चतुराबाईंकडून दुसरी किल्ली आणली आणि तुला धपाटा द्यायचा सोडून चहा टाकला. बाहेर पडायच्या आधी किल्ली शेजारी द्यायची, ही तिची सवय. माझ्याआधी सर्व्हर सांभाळणारे अप्पारावगारू वेगळं काय सांगतात? "पैले वापस आने का रस्ता रख लो अम्मा, फिर दरवाजा बंद करो." म्हणून मी कामाला हात घालण्याआधीच मशीनला सांगून ठेवलं होतं, की थोड्या वेळात माझा निरोप आला नाही तर सगळं पहिल्यासारखं कर. सांगितलं होतं खरं, पण ते ऐकेल याची खात्री कुणाला! मी आणि दाजी घड्याळाकडे बघत बसलो, पेढे तसेच. सांगितलेली वेळ उलटल्यावर पुन्हा लॉगिन केलं आणि लागलं. मी चक्क रडले. मग आधी स्वतःला आत घेऊन ती फट नीट बुजवली. संध्याकाळी साहेबांना फोन करून सगळं खरं सांगितलं. ते हसले, म्हणाले, आपोआप परत आला ना, मग सुटला कुठे? उद्यापासून घरून काम करायला त्यांची ना नाही.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तुमचा फोन बैठकीत, तिथे तू नुसती हो हो करशील. शिवाय माहेरचं बोलावणं असं फोनवर उरकायचं नसतं, आईने तर मुळीच उरकलं नसतं. तेव्हा बैठकीची ओळ गाळून हे पत्र सासूबाईंना वाचून दाखव. पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, अंबरपेठेत. डिंकाचे लाडू दाजी करतील, माझे दगड होतात. न्यायला भाऊच लागतो म्हणे. आपल्याला भाऊ नाही, तर पुढच्या रविवारी मुराळी म्हणून मीच येते. बॅग भरून ठेव.

तुझीच ताई, आणि आता तुझं माहेर,
सुजाता