भाकरी नावाचा विषय

सप्तापूर, धारवाड
गुरुवार, सकाळची दुसरी कॉफी झाल्यावर

ती. वेणूअक्कास,

धाकट्या बाळाचा वाकून नमस्कार. (‘वाकून’ हे खरं समज, गुडघे संपावर आहेत, कंबर अजून कामावर आहे.) ऑपरेशननंतर तुझा डावा डोळा निवळला असं तुझ्या श्रीवत्सनं कळवलं, म्हणून हे पत्र हातानं आणि ठसठशीत अक्षरात लिहितो आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मला मध्येच थांबवतेस आणि आज मला थांबून चालणार नाही. पत्रातल्या चुकांवर लाल पेन्सिल फिरवून तू ते परत पाठवशील, त्याची तयारी ठेवली आहे. मागच्या दिवाळीच्या पत्राला तू दहापैकी सहा दिलेस, तेव्हापासून या घरात मी वकील होतो असं कुणी मानत नाही.

तर झालं असं. आपली नात वेदश्री (प्रभंजनची धाकटी, नाक थेट तुझं) यंदा तिसरीत गेली. शाळा घरापासून चार पावलांवर. वकिली सोडल्यापासून माझ्याकडे एकच जबाबदारीचं काम उरलं आहे, ते म्हणजे तिचं दप्तर भरणं, आणि त्यासाठी लागतं वेळापत्रक. ते मला दोन महिने सापडेना. सोमवारी गणित कितव्या तासाला, असं विचारलं तर म्हणते, अज्जा, गणित मध्ये मध्ये येतं. भूगोल? तोही येतो. शेवटी तिची वही उघडली. एकाच पानावर वर कणसाचं चित्र, त्याखाली वजाबाकी, मग चार ओळी कन्नड आणि कोपऱ्यात आपल्या जिल्ह्याचा नकाशा. पंगतीत वरणावर खीर वाढावी तसं मला झालं. आपण कशी सुटी सुटी वाढलेली विद्या खाल्ली! (खाल्ली का, ते पुढे येईल.)

मी सात कलमांचा अर्ज लिहिला. कलम तिसरं, विषयांची सरमिसळ. कलम पाचवं, तासाच्या घंटेचा अभाव. ऑगस्टच्या दमट हवेत काळा कोट चढवला आणि गेलो. मुख्याध्यापिका मीनाक्षीबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, रोज हुबळीहून, देशपांडे नगरातून येतात. त्या वर्गातच होत्या, म्हणून मला तिथल्याच एका खुर्चीवर बसवलं. ती खुर्ची आठ वर्षांच्या माणसासाठी केलेली होती. पहिलं कलम वाचायला मी उभा राहिलो, तर खुर्ची माझ्याबरोबर उभी राहिली. ती काढायला दोन मुली लागल्या. वेदश्री खिडकीबाहेर बघत होती. मी तिचा कोणी नव्हेच, असा तिचा चेहरा होता.

मीनाक्षीबाई हसल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. त्यांनी नीट समजावलं. पंधरा दिवस एकच वस्तू घ्यायची आणि भाषा, गणित, परिसर, चित्रकला, सगळं तिच्यातून न्यायचं. पाढे मात्र रोज म्हणायचे, आणि पुस्तकातलं जे त्या वस्तूत बसत नाही ते शेवटी वेगळं शिकवायचं. आपल्या देशात आणि परदेशात यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे म्हणे. मी उलटतपासणीच्या आवाजात विचारलं, की मग या पंधरवड्यातली वस्तू कोणती? त्या म्हणाल्या, “जोळद रोट्टी.”

जोंधळ्याची भाकरी. अक्का, माझी उरलेली सहा कलमं घशातच राहिली.

मला एकदम अळणावरच्या बाजूची ती आपली शाळा दिसली. एक खोली, चार भिंतींना चार इयत्ता आणि मध्ये बावीस वर्षांची तू. तुझ्या सोबतीला म्हणून आईनं मला धाडलं होतं. (कोण कुणाची सोबत करत होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं.) एका भिंतीला पाढे चालले की चौथीचा इतिहास त्यांतूनच वाट काढायचा. आजही सोळा सत्ते म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एक किल्ला येतो, आणि त्या किल्ल्याचं नाव मला आजतागायत आठवलेलं नाही. मग एका पावसाळ्यात तू म्हणालीस, चार भिंती पुरे, सगळे मध्ये या. माझ्याबरोबर शिकणाऱ्या नागोजीच्या आईनं मापटंभर जोंधळे दिले होते. पहिलीनं दाणे मोजले, दुसरीनं त्यांचे दहा-दहाचे ढीग केले, जोंधळा कुठल्या मातीत येतो ते तिसरीनं सांगितलं, आणि चौथीनं जात्यावरच्या ओव्या घरोघर विचारून लिहून आणल्या. फरशीवर पिठानं तू जिल्हा काढलास. गावची जागा दाखवताना मी धारवाडवर पाय दिला, म्हणून तू माझा पायही वितीनं मोजायला लावलास. इतका आनंद मला पुढे कुठल्याही निकालानं दिला नाही, हे सरळ सांगतो.

आणि नेमकी तू तवा आणायला शेजारच्या सोनाबाईंकडे गेलीस, तेव्हा तपासणीचे साहेब आले. आता कुठला विषय चालू आहे, असं त्यांनी विचारलं. पोरांतून उत्तर गेलं, “भाकरी.” साहेबांनी वेळापत्रक वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं, आणि शेरेबुकात लिहिलं, की भाकरी नावाचा विषय मंजूर नाही. महिन्याभरात तुझी बदली झाली. पुढची पस्तीस वर्षं तू घड्याळाकडे बघत शिकवलंस. निवृत्त झाल्यावर कुठल्याही शाळेनं बोलावलं तर तू म्हणतेस, मी काही शिकवलं नाही, घंटा सांभाळल्या. हे वाक्य मला फार लागतं, अक्का. तू ते हसत म्हणतेस म्हणून जास्तच लागतं.

मी हे सगळं त्या वर्गाला सांगून बसलो. वकिलाला एकदा बोलू दिलं की काय होतं ते तुला माहीत आहे. मग मुलांनी मला भाकरी थापायला लावली. माझ्या भाकरीचे परातीतच तीन तुकडे झाले. मीनाक्षीबाईंनी लगेच फळ्यावर अपूर्णांक लिहिला. एका मुलीनं विचारलं, “मग त्या टीचरनी उरलेला धडा कधी पुरा केला?” मी परातीतले तुकडे पुन्हा जोडू लागलो. वेदश्री पहिल्यांदा खिडकीवरून वळली आणि म्हणाली, त्या पुण्यात असतात, माझ्या अज्जी आहेत.

पुढच्या शनिवारी पंधरवडा संपतो. तो उरलेला धडा तू येऊन पुरा करावास, असं मीनाक्षीबाईंचं म्हणणं आहे आणि माझी विनंती आहे. श्रीवत्स गाडीनं आणून सोडतो म्हणाला. तवा इथे आहे.

तुझा,
बाळाचार्य
(तुझ्या हजेरीपटावरचा बाळ्या)

ता. क. १ : येताना माझ्यासाठी काही आणू नकोस. आणणारच असलीस तर लसणाची चटणी आण.

ता. क. २ : शाळेला जोंधळे नागोजी देतो आहे. तुझ्याशी बोलणं होत नाही, तरी सुगीला दरवर्षी तो माझ्याकडे तुझी चौकशी करतो. साहेबांना ‘भाकरी’ हे उत्तर त्यानंच दिलं असं तू धरून चाललीस आणि शाळेची घंटा वाजवायचा त्याचा मान काढून मला दिलास. परवा तुला बोलावतो आहे असं त्याला सांगितलं, तर म्हणाला, “बाई येणार म्हणतोस? मग मी मागं बसतो. त्यांस्नी दिसाय नको.”

ता. क. ३ : अक्का, भाकरी म्हणालो तो मी. साहेबांना मी खरं तेच सांगितलं. खोटेपणा केला तो तू परत आल्यावर. कोण बोललं, असं तू विचारलंस तेव्हा मी तोंड उघडलं नाही, फक्त नागोजीकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्या महिन्यात रोज घंटा वाजवताना मी नागोजीकडे पाठ करून उभा राहायचो. साठ वर्षं हे एक वाक्य लिहायचं होतं. सात कलमं सहज लिहिली, हे जमलं नव्हतं. शनिवारी तुझ्या धड्यापुरती घंटा व्हायची आहे. ती वाजवायचा मान तू नागोजीला परत दे. मागं मी बसतो.