पानाला मुभा, फुलाला शिक्षा

अकोला,
मंगळवार, ८ जुलै २०२५

ती. ललिताताईस,

सहदेवचा नमस्कार. तुझी प्रकृती जशी असेल तशीच कळवत जा. मला बरे वाटावे म्हणून ‘बरी आहे’ असे लिहू नकोस. इकडे सर्व ठीक. दालमिलमधील माझे काम नेहमीप्रमाणे चालू आहे. संध्याच्या माघारी स्वयंपाक मला करावा लागतो आणि तो आता बऱ्यापैकी जमतो. वरण अजूनही पातळ होते.

तुझे पत्र पोहोचले. “फोन उचलत नाहीस म्हणून लिहून राहिली, पत्र तरी उचलजो,” हा टोमणा पहिल्याच ओळीत वाचला. घरी असताना मी फोनची घंटी बंद ठेवतो. दिवसभर आकड्यांत डोके घातल्यावर आवाज नकोसा होतो. शिवाय तू जे विचारले आहेस, ते फोनवर बोलण्यासारखे नाही.

तू विचारतेस: “ही विजयाची बाटली घरात ठेवली त पोलीस येतीन का रे? अन् मी घेऊ का नको? तू सांगशीन तसं.” हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे वेगळी देतो.

पहिला कायद्याचा. केंद्राच्या १९८५ च्या कायद्यानुसार गांजा म्हणजे त्या झाडाचा फुलोरा किंवा फळे आलेला शेंडा. तो बाळगणे गुन्हा आहे. शेंड्यापासून वेगळी केलेली पाने आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणजे एकाच झाडाच्या पानाला मुभा आणि फुलाला शिक्षा. भांग पानांची असते; आयुर्वेदात तिलाच विजया म्हणतात. तिचे नियम राज्य ठरवते आणि आपल्याकडे तिला परवाना लागतो. तुझी बाटली ही परवानाधारक कारखान्यात, पानांच्या अर्कापासून बनलेली आयुर्वेदिक औषधी आहे. ती वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळते आणि तुला ती तुझ्या वैद्यांनी, डॉ. अनीसांनी, दिली आहे. ती चिठ्ठी बाटलीसोबत ठेव. पोलीस येणार नाहीत.

दुसरा प्रश्न घ्यावे की नाही हा. माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नयेस.

केमोथेरपीनंतर तुझ्या तळपायांची आणि बोटांची आग होते, झोप येत नाही, हे मी समजू शकतो. थेंब घेतल्यापासून झोप लागली असे तू लिहितेस, त्यावरही माझा अविश्वास नाही. परंतु अशा वेदनेवर या द्रव्याचा उपयोग किती, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. काहींना आराम पडतो, काहींना पडत नाही. आणि नाव विजया ठेवले तरी झाड तेच. ते माणसाच्या मनात शिरले की माणूस आपला राहत नाही. समोर बसलेला असतो, पण आपण बोललेले त्याच्यापर्यंत भलतेच होऊन पोहोचते. हे मी ऐकीव सांगत नाही.

म्हणजे, याविषयी माझे पुष्कळ वाचन झाले आहे.

तुझा भाचा अमोल पुण्यात मजेत आहे. कंपनीत कामाचा ताण असतो. तू त्याला फोन करू नकोस, सवड झाली की तोच करील. महालक्ष्म्या यंदाही वलगावला चुलतभावाकडेच बसतील. घराचे रंगकाम रेंगाळले आहे. “माह्या माहेरच्या लक्ष्म्या दुसऱ्याच्या दारी काहून?” हा तुझा प्रश्न रास्त आहे, परंतु माझा नाइलाज आहे. रंगाच्या वासाने तुला त्रास होईल, तेव्हा तूर्त इकडे येण्याचा बेत करू नकोस.

चंद्रभान भाऊजींना नमस्कार.

तुझा,
सहदेव



अकोला,
रविवार, २७ जुलै २०२५

ताई,

काल दुपारी कचेरीत भाऊजींचा फोन आला. नमस्कार झाला नाही, प्रकृतीची विचारपूस झाली नाही. एकदम म्हणाले, “सहदेवराव, तुमचं पत्र आलं अन् बायकोनं बाटली देव्हाऱ्यामागं ठेवून देली. आता रातभर पाय थंड पान्यात घालून बसते. मी म्हनलं घे, त म्हनते, सहदेव नाई म्हनला. तुमी डाक्टर हाय का?”

मी म्हणालो, “नाही.”

“मंग कोन होय तुमी?”

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “तुमच्या बहिनीले तुमचा शब्द म्हंजे कोर्टाचा निकाल वाटते. जरा पाहून लिवत जा.” आणि फोन ठेवला. भाऊजी माझ्याशी आवाज चढवून कधी बोललेले नाहीत. कालही चढवला नाही. त्याचेच जास्त लागले.

ताई, तीस वर्षे मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले. जे मत देताना आधार सांगितला नाही, ते मत धरू नये, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो. तुला दिलेल्या मताचा आधार मी सांगितला नाही. तो असा.

अमोल पुण्यात नाही. त्याची तिथे कंपनी नाही, नोकरी नाही. तो दीड वर्षापासून या घरात, मागच्या खोलीत आहे. मी हे लिहितो आहे तेव्हा पलीकडे पंख्याची कुरकुर चालू आहे आणि तो पलंगावर पडून छताकडे पाहतो आहे.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना वसतिगृहात त्याने गांजा ओढायला सुरुवात केली. आधी मित्रांबरोबर, मग एकट्याने, मग रोज. संध्या गेली, पोराची आई गेली, त्यानंतर ओढणे वाढले असावे. तसे काही नाही, असे तो म्हणतो. मग त्याला भिंतीपलीकडून माणसे बोलताना ऐकू येऊ लागली. ती त्याचीच चर्चा करतात, असे त्याला वाटे. मी त्याला आणायला गेलो तेव्हा त्याने खोलीच्या खिडक्यांना वर्तमानपत्रे चिकटवली होती. मला पाहून म्हणाला, “बाबा, तुमाले कोनं पाठवलं?”

घरी फोनची घंटी बंद असते ती त्याच्यासाठी. फोन वाजला की तो मला विचारतो, “माह्याबद्दल हाये का?” रंगकाम कधी निघालेच नाही. महालक्ष्म्यांच्या दिवशी आपल्या दाराला कडी लावता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला सरळ आतपर्यंत येतात, पंगती बसतात, आणि कोणीतरी मागच्या खोलीत लेकराला निजवायला जातेच. म्हणून मी मुखवटे वलगावला देऊन टाकले. आता तिथल्या काकू म्हणतात, एकदा आलेल्या लक्ष्म्या परत पाठवत नसतात. ताई, माझ्या एका थापेपायी तुझे माहेर दुसऱ्याच्या घरी गेले. तुला हे आणखी काही वर्षे कळणार नाही, असे मी धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयात परिसंवाद होता: गांजा कायदेशीर करावा की करू नये. मला विरोधी बाजूने बोलायचे होते. टिपणे काढून, तयारी करून गेलो. पहिल्या रांगेतून एक निवृत्त मास्तर मधेच उठले आणि म्हणाले, “महादेवाले चालते, मंग आमाले काहून नाई चालत?” सभा हसली. मी म्हणालो, “महादेवाने विषही पचवले. ते आधी करून दाखवा, मग गांजाचे पाहू.” टाळ्या पडल्या. एक तरुण वकीलबाई दुसऱ्या बाजूने बोलल्या. त्यांचा मुद्दा असा की, पकडले जातात ते ओढणारे पोरगे, विकणारे मोकळे फिरतात. आणि तुरुंगाच्या भीतीने घरचे लोक दवाखान्यातसुद्धा खरे बोलत नाहीत. मी तो मुद्दा सफाईने खोडून काढला. कसा, ते आता आठवत नाही. परिसंवाद मी जिंकला असे सगळे म्हणाले.

घरी आलो. अमोलने दार उघडले. तो हल्ली दार उघडतो, तेवढी सुधारणा आहे. त्याने विचारले, “बाबा, कशावर बोलले?”

मी सांगितले.

“माह्याबद्दल सांगतलं का?”

“नाही.”

“मंग काय सांगतलं?”

त्याने हे रागाने विचारले नाही. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते. ताई, माझ्याजवळ टिपणांचा कागद होता, पण त्याला सांगावे असे त्यात काही नव्हते. वकीलबाईंचे म्हणणे मात्र तेव्हा कळले. कायद्याच्या धाकाने अमोलने ओढणे थांबवले नव्हते. त्याने आणि मी फक्त बोलणे थांबवले होते.

आता तुझ्या बाटलीविषयी.

अमोलचे डॉक्टर म्हणतात की त्याचा आजार गांजानेच झाला, असे शपथेवर सांगता येणार नाही. बहुतेकांना होत नाही. काहींच्या मनात आधीच नाजूक जागा असते. कोवळ्या वयात, रोज, जोरकस माल ओढला तर तिथे तडा जातो. त्याने पुन्हा कधीही हात लावू नये, एवढे त्यांनी ठामपणे सांगितले. मी त्यांना तुझेही विचारले, नाव न घेता. साठीची बाई, कॅन्सरच्या उपचारांनंतरची आग, वैद्यांनी मोजून दिलेले थेंब. ते म्हणाले, “ही दोन वेगळी माणसं आहेत. त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना बाटली दाखवा. इतर गोळ्यांशी जमते का ते पाहतील. चक्कर येते का, गुंगी येते का, लक्ष ठेवा. झोप लागत असेल तर मी तरी अडवणार नाही.”

हे त्यांनी मला मागच्या महिन्यातच, तुझे पत्र आल्याबरोबर सांगितले. म्हणजे तुला ‘घेऊ नकोस’ असे लिहिले, तेव्हा मला हे माहीत होते. तरीही मी तसे लिहिले. कारण तुझ्या पत्रातले विजया हे नाव मला वाचताच आले नाही. मला त्या वर्तमानपत्रे लावलेल्या खिडक्या दिसल्या. तुझ्या पायांच्या आगीचा मी विचारच केला नाही. मागचे मत मी मागे घेतो. नवे देत नाही. डॉक्टरांना दाखव आणि तुला योग्य वाटेल ते कर. गांजाला मोकळीक द्यावी की नाही, हे मला आता कोणी विचारले, तर मी उठून पाणी प्यायला जाईन.

डॉक्टरांनी आणखी एक विचारले होते. “घरात कोण येतं-जातं?” मी म्हणालो, कोणी नाही. “मग हा बोलतो कोणाशी?” मी म्हणालो, माझ्याशी. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही लिहून घेतले. काय लिहिले ते मी विचारले नाही. ताई, या घरात आम्ही दोघे आहोत आणि दोघेही एकटे राहतो.

हे डॉक्टर नागपूरचे आहेत. अकोल्यात किंवा अमरावतीत दाखवले असते, तर कोणीतरी ओळखीचे भेटले असते. दर महिन्याला आम्ही एसटीने जातो. गाडी अमरावतीत राजापेठेवरून जाते. तुझ्या गल्लीचे तोंड खिडकीतून दिसते. एकदा भाऊजी दुधाची पिशवी घेऊन रस्ता ओलांडताना दिसले होते. अमोल म्हणाला, “बाबा, मामाजी.” मी त्याला मान खाली घालायला सांगितले. त्याने घातली. येत्या गुरुवारी पुन्हा जायचे आहे. परत येताना आम्ही राजापेठेला उतरतो. तुझी हरकत असली, तर कचेरीच्या फोनवर कळव.

हे सगळे मी त्याला न विचारता लिहिलेले नाही. आज सकाळी आम्ही गवारीच्या शेंगा मोडत बसलो होतो. मी विचारले, “आत्याला तुझे लिहू का?” तो कितीतरी वेळ शेंगा मोडत राहिला. मी मनात म्हटले, आता उठून जाईल.

मग म्हणाला, “आत्याले लय दुखते काय?”

“झोपू शकत नाही.”

“मंग घेऊ द्या ना तिले दवा. तिचं अलग हाये, माह्यं अलग. मी काय दुखत होतं म्हून ओढत होतो?” आणि स्वतःशीच म्हणाला, “दुखत असंन बी.”

नंतर शेंगांची ताटली माझ्याकडे सरकवत त्याने सांगितले, “लिवा तिले. पन मले पाहून रडू नको म्हना. कोनी रडलं का मले समजतच नाई काय करावं त. जेवाले वाढ म्हना फक्त.”

तेवढे कर, ताई. भाऊजींनाही सांगून ठेव. नंतर, आम्ही निघून गेल्यावर, वाटले तर रड. मी अजून रडलेलो नाही, कारण या घरात त्यासाठी वेगळी खोली उरलेली नाही.

तुझे,
सहदेव आणि अमोल