चौथी गाठ

प्रिय ठके,

उशिरा लिहितोय, रागावू नकोस. चार महिन्यांपूर्वी मी फोनवर म्हणालो होतो, 'दुकानात जरा वेगळंच काम आलंय, पत्राने सविस्तर कळवतो.' ते सविस्तर आज होतंय. मध्ये तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा कागद फाडला. आधीच सांगतो, मी ठणठणीत आहे, उगाच घाबरू नकोस. घरही ठीक. बाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघतो आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा बघतो, तेव्हा तीही काळजी नको. तुझ्याकडे एक मागणं आहे, आणि ते मागायच्या आधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. फोनवर ते जमणार नाही. फोनवर तू 'जेवलात का' विचारतेस, मी 'हो' म्हणतो, आणि आपलं बोलणं संपतं.

तर झालं असं. एक नर्सबाई आपल्या गादीच्या दुकानात आली. तुझ्याच वयाची, बोलायला फटकळ. म्हणाली, आमची संस्था आहे, आम्ही कॉलेजातल्या पोरापोरींना स्तनाच्या कॅन्सरबद्दल सांगतो. गाठ हाताला कशी लागते ते नुसतं बोलून कळत नाही, म्हणून छोट्या गोल उशा शिवून द्या आणि आत गाठी ठेवा. ठके, माझे कान तापले. गिऱ्हाईक बायका समोर उभ्या होत्या. मी हळूच म्हणालो, 'छातीचा म्हणा हो बाई.' तर ती आणखी मोठ्याने, 'काका, छातीचा खोकला असतो. हा स्तनाचा कॅन्सर. तुम्हीच असे लाजलात तर पोरी कोणाला सांगणार?' मी काम घेतलं, ते मुख्यतः तिने गप्प बसावं म्हणून.

बारा उशा शिवल्या. प्रत्येकीत कापसाच्याच घट्ट वळलेल्या तीन गुठळ्या घातल्या. आठ दिवसांनी बाईंचा फोन. 'काका, बारा उशा, शंभर पोरी, आणि गाठ एकीलाही सापडली नाही. पोरी मला म्हणाल्या, मॅडम, आम्ही सगळ्या पास!' मी शपथेवर सांगितलं की प्रत्येकीत तीन घातल्या आहेत. उशा परत आणून उसवल्या. आत कापूस ढगासारखा, गुठळी औषधालाही नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. टाके घालता घालता माझ्याच बोटांनी त्या फोडून टाकल्या होत्या. बावन्न वर्षं गादीतली गुठळी शोधून फोडायची सवय. हाताला लागली की बोटं मला न विचारता कामाला लागतात. बाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, 'अशी बोटं आम्हाला प्रत्येक पोरीला द्यायची आहेत.' मग मी मसूर, वाटाणा आणि शर्टाचं बटण असं पातळ कापडात बांधून आत शिवलं. ते काही फुटत नाही.

पण बाईंनी पुढे आणखी गळ घातली. मोठ्या कॉलेजात कार्यक्रम आहे, तुम्ही या आणि बोटं कशी फिरवायची ते दाखवा. मला झोप येईना. एक तर स्टेज, त्यात तीनशे पोरं, आणि त्यात तो शब्द. दुकानात पिंजायचं यंत्र सुरू केलं की त्याच्या खडखडाटात मी तो शब्द मोठ्याने म्हणून बघायचो. एकदा यंत्र मध्येच बंद पडलं आणि समोरचा चांभार दचकून बघायला आला.

त्या दिवशी मी धुतलेला सदरा उलटा घालून गेलो, हे मला स्टेजवर चढल्यावर कळलं. मागच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, 'आजोबा, सँपल घरी न्यायला मिळेल का?' सभागृह हसलं. बाई त्याच्यावर उखडणार तेवढ्यात मीच म्हणालो, 'मिळेल की. यातल्या तीन गाठी शोध आणि उशी घेऊन जा.' आला तावातावाने. कणीक तिंबावी तसा दाबत सुटला. बटण सापडलं, पुढे काही नाही. आता सभागृह त्यालाच हसलं. मी त्याची बोटं धरली. टोकांनी नाही, बोटांच्या गादीने, हळू, गोल गोल, कडेकडेने, आणि अंगावर तपासताना थेट काखेपर्यंत. वाटाणा सापडला तेव्हा त्याचा चेहराच बदलला. मग त्याने साधेपणाने विचारलं, 'आजोबा, तुम्ही कसे काय पडलात यात?'

बाईंनी शिकवलेलं उत्तर तयार होतं. ते बाजूला राहिलं आणि खरं तोंडातून गेलं. तेच आता तुला सांगतो. तू पंधरा वर्षांची होतीस. तुझी आई पोटाच्या दुखण्याने गेली नाही. तिला स्तनाचा कॅन्सर होता. गाठ तिला आठ महिने आधी लागली होती आणि तिने ती माझ्यापासून लपवली. का, तर लाज. सगळ्या गावच्या गाद्यांतल्या गाठी माझ्या हाताला लागत होत्या, आणि घरात तिला सांगता येईल असं एक वाक्य मी कधी बोललो नव्हतो. जाताना म्हणाली, 'पोरीला नका सांगू, तिला कसंसं होईल.' मी ऐकलं. तीनशे परक्या पोरांसमोर मी हे सगळं बोललो, तो शब्दही बोललो, आणि कोणी हसलं नाही.

मग उशांपुढे ही रांग लागली! पोरी आल्या, पोरंही आली. कार्यक्रमाला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं की पुरुषांनाही होतो, क्वचित, पण होतो. एक चष्मेवाली मुलगी उशी घेऊन माझ्याकडे आली. 'आजोबा, चार आहेत.' मी म्हटलं, 'तीन, बाळ. मी शिवल्यात.' ती हटून बसली, 'चौथी इथे आहे, शिवणीखाली.' बाई म्हणाल्या, उसवा. उसवली. आत सरकीचा एक दाणा, यंत्रातून निसटलेला आणि माझ्या बोटांतूनही निसटलेला! मी तो दाणा वर धरून सगळ्यांना दाखवला. बावन्न वर्षांच्या कारागिराला पंधरा मिनिटांच्या शिकाऊ पोरीने हरवलं. टाळ्या थांबेनात, आणि सगळ्यात जोरात मी वाजवत होतो.

आणि ऐक. त्या कॉलेजच्या ऑफिसातली एक बाई, वय असेल चौतीस-पस्तीस, किल्ल्या घेऊन मागे उभी होती. सभागृहाला कुलूप लावायच्या आधी तिने उशी दाबून पाहिली. गेल्या आठवड्यात ती दुकानात आली. तिने घरी जाऊन स्वतःला तपासलं होतं, गाठ लागली, दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेत आलात. तिला काखेखाली ठेवायला लहानशी मऊ उशी हवी होती. वर मलाच चिडवते, 'काका, हिच्यात मात्र एकही गाठ नको हं!' ती हसत होती आणि मी वेड्यासारखा रडत होतो. कापूस मी चार वेळा पिंजला.

ती गेली आणि मी हा कागद काढला. ठके, आईला झालं तेव्हा ती बेचाळीसची होती. नर्सबाई म्हणतात, अशा घरातल्या मुलीने आईच्या वयाच्या दहा वर्षं आधीच डॉक्टरांना भेटून तपासणी सुरू करावी. तू गेल्या महिन्यात बत्तीसची झालीस. बहुतेक गाठी साध्या निघतात, आणि तुला तर काही नसेलच, मला माहीत आहे. तरी तू जा. आईचं खरं मी तुझ्यापासून दडवलं, त्याचा तुला राग येईल आणि यायलाच हवा. त्या रागाची पाच पानं लिही, मी चष्मा पुसून पुसून वाचीन. पण त्याआधी डॉक्टरांची वेळ घे आणि तारीख पहिल्या ओळीत लिही. लवकर लिही गं. रोज टपाल येतं तेव्हा मी दुकानाच्या पायरीवरच असतो.

तुझेच,
बाबा