मागच्या झाकणाला टेकू

॥ श्री मल्लिकार्जुन प्रसन्न ॥

लातूर, माघ शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप गुरुबसप्पाअण्णांच्या चरणी धाकट्या महानंदाचा शरणार्थ. तुमचे गुडघे आता कसे आहेत? वैनींचा खोकला गेला का? भोकरला तुमच्या विहिरीत अजून पाणी आहे हे वाचून आनंद झाला, थोडा हेवाही वाटला (देवाने क्षमा करावी). इथे टँकर दिवसाआड येतो, म्हणजे येतो असं म्हणतात. आमच्या दारापासून पारापर्यंत घागरींची रांग असते. बायका दमून घरी जातात, घागरी जागा धरून बसतात.

ह्यांची तब्येत सुधारली. कशाने सुधारली ते लिहायलाच हे अंतर्देशीय घेतलं आहे. दिवाळीआधी ऑपरेशन झालं तेव्हा मी मल्लिकार्जुनाला बोलले होते, की शिवरात्रीला ह्यांना घेऊन श्रीशैलला पायाशी येईन. देवाने त्याचं काम केलं, पण हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, हातात पेन्सिल धरीना. मग एक दिवस रद्दीतून कुठल्याशा परदेशी मासिकाचं पान निघालं. त्यावर जीपमागे जोडायची एक दोनचाकी गाडी होती, पाण्याच्या थेंबासारखी, पुढून गोल आणि मागे निमुळती. आत दोघांनी झोपायचं, आणि मागचं झाकण वर उचललं की त्याखाली स्वयंपाकाची जागा. हे उठून बसले. म्हणाले, "श्रीशैलला धर्मशाळेत जागा मिळायची न्हाई. जिल्हा झाल्यापासून लातुरातच खाट मिळेना, साहेब लोक कचेरीत टेबलावर झोपून राहिलेत." (लातूरचा जिल्हा झाला म्हणून श्रीशैलची धर्मशाळा कशी भरते, हे मी विचारलं नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा एवढं बोलले होते.)

गाडी झाली. चाकं भंगारातली, फळ्या जुन्या माळ्याच्या. पत्रा कुठला म्हणाल, तर जिल्हा नवा झाल्यामुळे जुन्या पाट्या निकामी झाल्या, त्या ह्यांनी मागून आणल्या. झाकणाच्या आतल्या अंगाला अजून 'जि. उस्मानाबाद' स्पष्ट वाचता येतं. झाकण उघडलं की मी उस्मानाबाद जिल्ह्यात भाकरी थापते, आणि पडलं की लातूर जिल्ह्यात येते. शेजारची सिद्धम्मा म्हणते, "या साली लातुरात दिसला तो एवढाच थेंब, महानंदाताई, जपा त्याला."

अण्णा, सगळं दुखणं त्या झाकणाचं आहे. वर जातं, पण राहत नाही. पहिल्यांदा बैलगाडीचा टेकू लावला, वारा आला नि टेकू सरकला, पिठाची परात सपाट झाली. मग ह्यांनी छत्री लावली. उघडी छत्री जास्त जोर धरेल असा ह्यांचा हिशेब. त्या छत्रीची आता घडीही होत नाही. मग झोपाळ्याची साखळी लिंबाच्या फांदीला बांधून झाकण वर टांगलं. हे मात्र उत्तम टिकलं, पण मी म्हटलं, "श्रीशैलपर्यंत लिंब कोण नेणार?" तर म्हणाले, "मुक्कामाला झाड बघूनच थांबू." दोन दिवस नकाशा घेऊन वाटेतली झाडं आठवत बसले. त्यानंतर कुठल्या तरी मोटारीची स्प्रिंग आली. ती लावल्यावर झाकण जे उघडलं ते मिटेना, मिटवायला त्यावर जात्याची तळी ठेवावी लागली, आणि तळी काढताच मीठ-मिरचीचे डबे सिद्धम्माच्या अंगणात गेले. (डबे परत मिळाले. मिरची तिच्या म्हशीने हुंगली, त्यावर आठ दिवस अबोला.) झाकण किती वेळा पडलं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते. आजवर एकोणीस.

गेल्या सोमवारी मठाचे स्वामी आले. आपल्यात स्वामींची पंगत झाल्याशिवाय घरात कुणी घास घेत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं. ह्यांनी हट्टाने पाट गाडीमागे मांडला, झाकणाच्या सावलीत. स्वामी पाटापाशी आले आणि टेकू निसटला. स्वामींनी पटकन उजवा हात वर करून झाकण झेललं. हे "आत्ता आलो" म्हणून हत्यारं आणायला पळाले. माझा हात तिथवर पोचत नाही. आता स्वामी झाकण सोडल्याशिवाय जेवणार कसे, आणि स्वामी जेवल्याशिवाय आम्ही जेवणार कसे? त्यातच रांगेतल्या बायकांनी लांबून पाहिलं, की स्वामी उभे आहेत, हात वर आहे, आशीर्वाद चालू आहे. एकेक करत सगळी रांग येऊन पाया पडायला लागली. स्वामी सगळ्यांना "कल्याण होवो" म्हणत राहिले, काय करतील. नेमका तेवढ्यात टँकर आला. रांगेला एकटी सिद्धम्मा (अबोल्यामुळे ती आली नव्हती), तिने अकरा भांडी भरली.

अर्ध्या तासाने हे पाना घेऊन परतले. स्वामी रागावले नाहीत. उलट म्हणाले, "शिवमूर्ती, झाकण धरायला कुणी नसेल तर श्रीशैलला मी येतो." आणि अण्णा, ते येतील, तसे भोळे आहेत. स्वामींसारख्या जंगमाला टेकू करून मी नवस फेडायला जाऊ का? तो देव तरी माझ्याकडे बघेल का?

जागा संपत आली. वैनींना शरणार्थ, मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी,
महानंदा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. गाडी ओढायला आमच्याकडे काही नाही. हे चार दिवसांत तुमची जीप मागायला पत्र घालतील. कृपा करून नाही म्हणा. शिवरात्र चुकायला नको, आम्ही एसटीने जाऊ.

ता. क. जीप बिघडली असं मात्र लिहू नका. हे हत्यारं घेऊन भोकरला येतील. पाहुण्यांच्या लग्नाला दिली असं लिहा.

ता. क. (हे कडेला आडवं लिहिलं आहे, पान फिरवून वाचा, आणि ह्यांच्यासमोर वाचू नका.) परवा हे बाजारात गेले असताना मी सहज घरातलं मुसळ झाकणाखाली उभं केलं. खालच्या खाचेत तंतोतंत बसलं. मी स्टुलावर चढून दोन्ही हातांनी झाकण हलवून पाहिलं, ढिम्म. ह्यांची पावलं वाजली तसं मुसळ काढून परत उखळात ठेवलं. आता सायकलच्या पंपाचं काही तरी करून राहिलेत, शीळ घालत. तेव्हा जीपला नाही म्हणालात तरी, झाकण कुठवर आलं एवढं दर पत्रात विचारत जा.