माझं दोन एकर मैदान मुलींच्या नावे

मी, रत्नमाला भिकन देवकते, वय वर्षे चौतीस, व्यवसाय फुटबॉल, जागा गोलकीपर, मूळची खुलताबाद तालुक्यातली, हल्ली राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या मर्जीनं लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून वळवलेलं नाही. मन तेवढं जागेवर नाही, कारण उद्या सकाळच्या विमानानं मी दिल्लीला आणि तिथून भारतीय संघासोबत ताश्कंदला निघाले आहे. सात वर्षांनी! डॉ. विश्वजीत यांनी मला तपासून मी सक्षम असल्याचा दाखला दिला आहे. नाडी जरा जोरात चालते आहे, असं ते म्हणाले. चालणारच.

मी मरायला निघालेली नाही, खेळायला निघाले आहे. तरी आजच हा कागद का, ते आधी सांगते.

गेल्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास मी गावातल्या आमच्या मैदानावर रेषांसाठी चुन्याची फक्की मारत होते. माझा धाकटा भाऊ राम एका रिसॉर्टवाल्याला घेऊन आला आणि मला न विचारता दोघं टेप लावून मैदान मोजू लागले. मी ओरडणार तेवढ्यात फोन वाजला. संघाच्या मॅनेजरबाई होत्या. पहिल्या गोलकीपरचा खांदा निखळला होता. "रत्ना, मंगळवारी येशील?"

माझं तोंड बघून राम म्हणाला, "काय झालं गं आक्का?"

"इंडियात बोलावलंय."

त्यानं टेपचं टोक सोडलं आणि "आई! आक्का परत इंडियात!" असं ओरडत वस्तीकडं पळाला. रिसॉर्टवाला दुसरं टोक धरून उन्हात उभाच राहिला.

आनंदानं मला रडू आलं. पण त्यांनी मैदान मोजलं, तेही डोक्यातून जाईना. माझ्यामागं कागद नसेल तर ते वाटण्यांत जाईल आणि मग विकलं जाईल. म्हणून लिहिते.

कलम एक. खुलताबाद शिवारातली माझी दोन एकर जमीन स्वकष्टार्जित आहे. कोलकात्याच्या क्लबकडून तीन हंगाम खेळले, त्या कमाईतून घेतली. वडिलोपार्जित नाही, त्यामुळे कोणाचा वाटा नाही. ती गोलखांब, रोलर आणि पाण्याच्या मोटारीसह आमच्या नोंदणीकृत 'खुलताबाद मुलींचा फुटबॉल क्लब' या संस्थेला मिळावी. ती विकू नये. लग्नालाही देऊ नये, मांडवाचे खड्डे वर्षभर बुजत नाहीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मैत्रीण सुकेशनी हिनं करावी. ती शाळेत खेळ शिकवते, आणि नऊ वर्षं माझ्यापुढं डिफेन्सला उभी होती.

कलम दोन. काठमांडूत घातलेले हातमोजे रामप्रसाद सरांना द्यावेत. माझे वडील मेंढपाळ. मेंढरं जाळीत कोंडताना मी तोंडाशी उभी राहून निसटणारी कोकरं झेप घेऊन धरायचे. शाळेत खेळ शिकवणाऱ्या रामप्रसाद सरांनी ते रस्त्यावरून बघितलं आणि सायकल थांबवून म्हणाले, "पोरी, हेच चेंडूसोबत करशील का?" तिथून सगळं सुरू झालं.

काठमांडूत मी तेवीस वर्षांची होते. यजमानांशी उपांत्य सामना बरोबरीत सुटला, पेनल्टीवर आला. चार-तीन आम्ही पुढं, शेवटची किक त्यांची. त्या मुलीनं चेंडू दोनदा उचलून परत ठेवला आणि माझ्या डावीकडं बघितलं. मला वाटलं, ही खोटं बघते आहे. उजवीकडं झेपावले. चेंडू मनगटावर बसला, खांबाला लागला आणि बाहेर! अख्खं स्टेडियम गप्प, आणि त्यात एकटी सुकेशनी किंचाळत पळत येते आहे. ती अशी अंगावर पडली की माझी बरगडी दुखावली. फायनल मी पट्टा बांधून खेळले. एक-शून्य हरलो. तो गोल आजही डोळ्यांपुढं आला की मी अर्धं पाऊल आधी निघते.

कलम तीन. सत्ताविसाव्या वर्षी सरावात माझ्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. दहा महिन्यांनी धडधाकट होऊन गेले, तर निवड समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "गुडघा बरा झाला, पण उंची कुठं वाढली?" त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना काहीही देऊ नये. ते कधी मैदानावर आलेच तर बसायला खुर्ची द्यावी आणि त्यांच्यासमोर आमची सगळ्यांत बुटकी पोरगी गोलात उभी करावी.

माझे चुलते कडुबा वडिलांना म्हणाले होते, "भिकन, पोरीला चड्डीवर पळवतो व्हय? सोयरीक कोण करंल?" आता काका रोज संध्याकाळी शेळ्या घेऊन मैदानाकडं येतात आणि सराव संपेपर्यंत एकदाही शेळ्यांकडं बघत नाहीत. माझ्या बचतीतून त्यांच्यासाठी लिंबाखाली सिमेंटचा बाक बांधावा. काकांचं वय बघता हे काम माझ्या मरणाची वाट न बघता केलेलं बरं.

कलम चार. उरलेली बचत आणि इंडियाची निळी जर्सी आई म्हाळसाबाई हिला. जर्सी धुऊ नको म्हटलं होतं, तिनं दोनदा धुतली. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये तिनं हयातभर राहावं.

कलम पाच. आईनंतर हा फ्लॅट आणि माझी स्कूटर भाऊ राम याला मिळावी.

कलम सहा. हे कलम वकीलबाई प्रेरणाताईंच्या ऑफिसात बसून ऐनवेळी लिहिते आहे. दुसऱ्या साक्षीदार म्हणून शेजारच्या वच्छलाबाई यायच्या होत्या, त्या शहागंजात गर्दीत अडकल्या. मला गावातून घेऊन आलेला राम बाकावर बसून होता. तो उठून म्हणाला, "मी करतो ना सही."

प्रेरणाताई म्हणाल्या, "तुम्हाला फ्लॅट मिळतोय. ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. पुढं वाद होतात."

रामनं कागद मागितला. बोट फिरवत पहिलं कलम वाचलं, मग पाचवं. मला वाटलं, आता भांडण. तो म्हणाला, "पाचवं खोडा."

"अरे, तुझ्यासाठी लिहिलंय."

"नाय, आक्का. माझी पोरं मोठी झाली की म्हणतील, आत्याचं मैदान आपलं व्हतं. खाली माझीच सही दिसल्यावर काय म्हणतील? फ्लॅट क्लबला दे. गावाकडून निवडीला येणाऱ्या पोरींना ऱ्हायला जागा नसते. तू किती दिवस स्टँडवर झोपलीस, मला म्हाईत नाय व्हय?"

म्हणून इथं लिहिते: कलम पाच रद्द. आईनंतर फ्लॅट क्लबला, स्कूटरही. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. खाडाखोडीवरून कोणी माझ्या शुद्धीबद्दल शंका काढू नये.

याआधी मी काही लिहून ठेवलं असेल तर ते बाद समजावं. हेच माझं शेवटचं म्हणणं, निदान परत येईपर्यंत.

लिहून देणार: रत्नमाला भिकन देवकते

साक्षीदार १: डॉ. विश्वजीत गाडेकर. रत्नमाला यांनी माझ्यासमक्ष, पूर्ण भानावर असताना सही केली.

साक्षीदार २: राम भिकन देवकते. आक्कानं माझ्यासमोर सही केली. मला यातलं काही नको. मैदान पोरींचं आहे.

स्थळ: उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५