मंगळवारची भिंत

२ ऑगस्ट, गुरुवार

दवाखान्यात नवं खूळ! सिस्टर खाउहेलो म्हणाली, आता नुसत्या गोळ्या नाहीत, हातालाही काम. राजधानीला, मासेरूला जाऊन शिकून आलीय. दुखणं जन्माचं असलं की माणसानं काहीतरी घडवत राहावं, मन हलकं होतं म्हणे. म्हणून दवाखान्याची मागची लांब भिंत रुग्णांनी शेणामातीनं सारवायची आणि ओली असतानाच तिच्यावर बोटांनी नक्षी काढायची. प्रत्येकाला भिंतीचा एक चौकोनी तुकडा, एक चौक. मला वर ही वहीसुद्धा दिली. "रोज दोन ओळी लिही मावशी, बोटं आखडायची नाहीत."

आखडून नऊ वर्षं झाली की! पेन मुठीत धरून लिहितेय. एका ओळीला चहा थंड होतो.

३ ऑगस्ट

थंडी. सांधे. ऑगस्ट सरेपर्यंत हे असंच. लिहिण्यासारखं काही नाही.

७ ऑगस्ट, मंगळवार

सून गिरणीवर गेली, दर मंगळवारी जाते तशी. मारेफिल्वे. हे नाव मीच ठेवलं — आमच्यात नवी सून आली की पुढं होणाऱ्या नातवंडाच्या नावानं तिला 'अमक्याची आई' म्हणतात. रेफिल्वे काही झाली नाही. नाव तेवढं राहिलं.

मोलेफी, माझा मुलगा, खाणीतून खोकत घरी आला आणि तीन वर्षांपूर्वी गेला. छातीत धूळ बसली होती. इथं निम्म्या घरांत हेच.

नवरा गेल्यावर ती माहेरी जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. गेली नाही. सकाळी माझ्या खांद्यावरच्या ब्लँकेटला पिन लावते, मक्याच्या घट्ट उकडीचा घास करून तोंडात देते, वहाणांचे पट्टे बांधते. का राहिली, मी कधी विचारलं नाही. विचारलं आणि उठून गेली तर माझं संपलंच.

९ ऑगस्ट, गुरुवार

आज भिंत. आम्ही गुरुवारवाले — सांधे, साखर, रक्तदाब. आमचे चौक पीचच्या झाडाकडून. मंगळवारवाल्यांचे दाराकडून. मंगळवारी कोणत्या गोळ्या मिळतात ते लेकरांनासुद्धा ठाऊक आहे, पण बोलत कुणी नाही. म्हणून सिस्टरचा कडक नियम — भिंतीवर नाव घालायचं नाही, कुणाचा चौक ते विचारायचं नाही.

सिस्टर शहरातली. तिला काय माहीत! इथं बाईच्या बोटाला नाव लागत नाही. कुणाच्या घराची भिंत कुणी सारवली ते रस्त्यावरून जाताना सांगता येतं.

बोटं सरळ होत नाहीत म्हणून मी मुठीच्या सांध्यांनी काढलं. मात्सेलिसो बघायला आली. साखरेची जुनी रुग्ण, आणि गावाचं आकाशवाणी केंद्र.

"हे काय गं मामोलेफी? मेंढी लोळली का इथं?"

"तू लोळलीस. मेंढीला एवढी जागा लागत नाही."

सगळे हसले. मीही. एकेकाळी लोक माझ्या भिंती बघायला पलीकडच्या डोंगरावरून यायचे. घरी येईपर्यंत रडू आलं होतं. पण हात खरंच कमी दुखले, हे सिस्टरला सांगणार नाही.

१६ ऑगस्ट, गुरुवार

मंगळवारच्या बाजूला चार नवे चौक. सहज बघत गेले.

तिसरा चौक माझा.

म्हणजे मी काढलेला नाही. पण नांगरल्यासारख्या चार दिशांच्या रेघा, आणि प्रत्येक रेघेच्या शेवटी अंगठा दाबून डावीकडे वळवलेला. हा अंगठा माझ्या सासूचा. तिनं मला दिला. मी एकीलाच दिला.

बादली उलटी करून बसले. सिस्टर विचारत होती, चक्कर आली का. हो म्हटलं.

मात्सेलिसो आज आली नव्हती. पाय सुजलेत तिचे.

१८ ऑगस्ट

म्हणजे गिरणी नाही. म्हणजे धूळ नाही, निदान नुसती धूळ नाही. मोलेफीनं हे घरी आणलं, तिला दिलं आणि स्वतः निघून गेला.

राग आला. आधी तिचा — मला सांगितलं नाही! मग त्याचा. मेलेल्या मुलावर एवढं रागवायचं नसतं. मग माझा. तीन वर्षं ही पोर मला भरवतेय, आणि स्वतः कुठंतरी लपून गोळ्या गिळतेय.

आज तिनं घास पुढं केला तेव्हा तिच्याकडे बघवेना.

२१ ऑगस्ट, मंगळवार

आली. पिठाची पिशवीही आणली, नाटक पूर्ण. चुलीपाशी बसून म्हणाली,

"आई, भिंत कशी होतेय दवाखान्याची?"

"होतेय."

"सगळी बघितलीत?"

"माझे डोळे कुठं पोचतात एवढ्या लांब."

ती बराच वेळ शेण्या सरकवत राहिली. घाबरली असणार. मी ओळखलं हे तिला कळता कामा नये. कळलं तर लाजेनं जाईल माहेरी.

परवा मात्सेलिसो येणार, पाय उतरलेत. तिला एक नजर पुरे. रविवारच्या प्रार्थनेआधी सगळ्या गावाला कळेल.

२३ ऑगस्ट, गुरुवार

सगळ्यांच्या आधी पोचले. काल भिजवलेल्या मातीचं पिंप होतं. तिसऱ्या चौकावर पाणी ओतलं, दोन्ही कोपरांनी माती थापली, तळहातानं पसरली. रेघा बुजल्या. सगळ्यात शेवटी तो अंगठा बुजवला. वरून मुठीनं काहीतरी ओरखडलं.

सिस्टर धावत आली. "मावशी! दुसऱ्याचं काम आहे ते! वेड लागलं का?"

"चौक चुकला."

"तुझा त्या टोकाला आहे!"

"म्हातारीला दिसत नाही."

मागून मात्सेलिसो. "भिंतीवरचं सगळ्यात चांगलं मोडलंस की! पोरी सांगत होत्या, बघण्यासारखं होतं म्हणून."

"तुझं नशीबच फुटकं," मी म्हटलं.

कोपरं सोलली गेलीत. संध्याकाळी मारेफिल्वेनं तेल लावलं. कशानं झालं, विचारलं. पडले म्हटलं. पोर वाचली. नऊ वर्षांत हातांनी एवढं कामाचं काही केलं नव्हतं.

२६ ऑगस्ट

वारा. झोप चांगली लागतेय.

२८ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी आली. पीठ नाही. आत गेली ती कपड्यांची पिशवी भरूनच बाहेर.

"ती मूठ तुमची आहे, आई. मी ओळखते."

मी कोपरं ब्लँकेटखाली ओढली.

"गुरुवारी तुम्ही जाल, बघाल, ओळखाल, म्हणून काढलं होतं मी ते. तोंडानं सांगायला तीन वर्षं जमलं नाही. म्हटलं, भिंतीवर सांगावं. आणि तुम्ही त्यावर माती थापलीत." ती रडत नव्हती. "आता मी राहू की जाऊ, तेवढं सांगा."

पिशवी धरायला गेले तर बोटं उघडेनात. पिशवीचा बंद कोपरात अडकवला आणि ती परत आत नेऊन ठेवली.